टिटवीचं म्हणणं

फार फार वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या रानात एक वाघ राज्य करत होता. त्याच्यापुढे मान डोलवायची, ‘हो महाराज’ म्हणायचं आणि घरी जायचं, एवढंच प्रजेचं काम. ‘नाही’ म्हणणारा मात्र घरी पोचत नसे.

शेवटी एका उन्हाळ्यात नदी आटली आणि काही जनावरं पात्र ओलांडून अलीकडे पळून आली. एका जुन्या उंबराखाली जमून त्यांनी नवं रान वसवलं. राजा कुणालाच केलं नाही. फक्त सगळ्यांनी एकमेकांना एक वचन दिलं : “या रानात प्रत्येकाचे ऐकले जाईल.”

काय सुंदर वचन! मला तर सांगतानासुद्धा बरं वाटतं. त्यांनाही वाटायचं. म्हणून सभेच्या सुरुवातीला सगळे ते एका सुरात म्हणत. पुढे शेवटीही म्हणू लागले. मग मधेमधेही. कुणी वाकडं बोलायला उठलं, की मोर मान ताठ करून सुरुवात करी आणि सगळं रान त्याच्यामागून वचन म्हणू लागे. बोलणारा बिचारा खाली बसे. वचनात केवढी ताकद आहे, असं म्हणत सगळे आनंदानं घरी जात.

तसं मनानं वाईट कुणीच नव्हतं हो. त्यांचं वचनावरचं प्रेम जरा उतू गेलं होतं, इतकंच.

दर उन्हाळ्यात रान वसल्याचा दिवस साजरा होई. त्या वर्षी उंबराखाली जागा पुरेना. तेव्हा गवा म्हणाला, “यंदा नदीच्या कोरड्या पात्रातून मिरवणूक काढू. आपले वाडवडील तिथूनच चालत आले.” कल्पना सगळ्यांनाच आवडली.

टिटवी तेवढी दचकली. पात्रातल्या गोट्यांमध्ये तिनं चार अंडी घातली होती. टिटवीची अंडी गोट्यांसारखीच दिसतात. अगदी जवळ जाऊनही कळत नाहीत.

ती उठून म्हणाली, “मला हे पटत नाही. आणि रागावू नका, पण हल्ली आपण वचन नुसतं म्हणतो, पाळत नाही. माझी तिथं—”

“वचनाला नावं ठेवतेस?” मोर ओरडला.

“हिचं काय मनावर घेता!” माकड हसलं. “आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी ही!”

सगळे खो खो हसले. मोरानं सूर धरला आणि वचन सुरू झालं. टिटवीनं पुन्हा चोच उघडली, तर रान आणखी मोठ्यानं गरजलं.

सभा संपल्यावर ती गव्याच्या मागे धावली. “गवादादा, जरा ऐका ना—”

“सभेत बोलायचं होतंस, बाई. आता ठरलं ते ठरलं,” असं म्हणून गवा वचन गुणगुणत निघून गेला.

तो दिवस उजाडला. वाजतगाजत मिरवणूक पात्रात उतरली. सगळ्यांत पुढे गवा होता आणि सगळ्यांच्या मागे हळूहळू चालणारी म्हातारी हत्तीण. वाघाचं रान पाहिलेली आता ती एकटीच उरली होती.

टिटवी अंड्यांपुढे पंख पसरून उभी राहिली आणि जिवाच्या आकांतानं ओरडू लागली. सगळ्यांना वाटलं, ही आजसुद्धा वचनाला आडवी येतेय! त्यांनी आवाज चढवला. “प्रत्येकाचे ऐकले जाईल! प्रत्येकाचे ऐकले जाईल!” गव्यानं पाय टाकला.

तेवढ्यात हत्तिणीला दूरवर टिटवीची चोच दिसली. चोच हलत होती, पण आवाज येत नव्हता. तिनं सोंड उंचावून असा चीत्कार केला, की सगळे जागच्या जागी थिजले.

गव्यानं खुराखाली पाहिलं. एक अंडं फुटलं होतं.

“अगं, मला सांगायचंस ना!” गवा रडवेला होऊन म्हणाला.

“सांगतच होते, दादा,” टिटवी म्हणाली. “तुम्ही सगळे माझं ऐकण्याचं वचन म्हणत होता.”

मग हत्तीण म्हणाली, “बाळांनो, वाघाच्या रानातही चोची अशाच हलायच्या आणि ऐकू काही यायचं नाही. तिथं डरकाळी होती, इथं आपलं वचन. या पोरीला त्यात काय फरक पडला?”

टिटवी उरलेल्या तीन अंड्यांवर जाऊन बसली. त्या दिवशी मिरवणूक पुढे गेली नाही. सगळं रान लांब उभं राहून तिचं बोलणं ऐकत राहिलं. ती पुष्कळ बोलली. त्यातलं काही गव्याला पटलं नाही. त्यानं तसं सांगितलं आणि टिटवीनंही ते ऐकून घेतलं.

तेव्हापासून त्या रानात वचन सभेच्या शेवटीच म्हणतात, आणि तेही ‘कुणाचं बोलायचं राहिलं का?’ असं विचारून झाल्यावर. कितीतरी वेळा कुणाचं ना कुणाचं राहिलेलं असतं. मग वचन न म्हणताच सगळे घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायला येतात.

बोध : ज्या वचनानं बोलण्याची मोकळीक दिली, त्या वचनावर शंका घेणाऱ्याचंही ऐकून घ्यावं, त्यातच त्या वचनाचा खरा मान आहे.