कोऱ्या बाटलीतला चरा

“पण मॅडम, खोट कुठे आहे ते तरी सांगा!”

प्रद्युम्नने काचेची छोटी बाटली टेबलावर ठेवली. आत हिरवंगार द्रावण. नितळ, निवांत. आणि अकराव्या खेपेलाही स्फटिकाचा एक कण नाही!

किल्लेदार मॅडम आपल्या खोलीत भाजक्या शेंगा सोलत बसल्या होत्या. फॉस्फरसच्या संयुगांत त्यांची तीस वर्षं गेली होती. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, आणि पुढची शेंग फोडली.

पोरगा हुशार होता. फक्त ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. फॉस्फरसचा एक नवाच रेणू त्याने घडवला होता. हा रेणू निकेलला घट्ट धरतो, असं त्याचं म्हणणं. पण कसा धरतो, हे दाखवायला क्ष-किरणांसमोर एक धड स्फटिक ठेवावा लागतो. यंत्रावर त्याला सोमवारची वेळ मिळाली होती. ती चुकली की पुढची चार महिन्यांनी. आणि प्रबंध तर दोन महिन्यांत द्यायचा होता.

“संयुग किती वेळा शुद्ध केलंस?”

“पाच वेळा!”

“बाटली?”

“दर खेपेला कोरी करकरीत. आपल्या प्रयोगशाळेतला तो नौशाद म्हणतो, जुनी घे. असल्या भंगाराला मी हात लावत नाही.”

“नौशादचे स्फटिक आले?”

“...आले. खडीसाखरेएवढे.”

“कसे आले, विचारलंस?”

“मी? त्याला? मॅडम, तो माझ्यामागून दोन वर्षांनी आलाय!”

“हं.”

मॅडमनी टरफलं कागदात गुंडाळली, हात धुतले आणि बाटली घेऊन प्रयोगशाळेत गेल्या. प्रद्युम्न मागोमाग.

त्यांनी काचेची कांडी उचलली. द्रावणात बुडवली. आणि बाटलीच्या आतल्या अंगाला कर्रकन ओढली.

“अहो मॅडम! चरा पडला!”

“पडला.”

“नवी बाटली होती...”

“होती.” त्यांनी झाकण लावलं. “आता शनिवारी बघ. तोवर हात लावायचा नाही. डोकावायचंसुद्धा नाही.”

दोन दिवस प्रद्युम्नने कसे काढले, ते त्यालाच ठाऊक.

शनिवारी सकाळी प्रयोगशाळा उघडायला आलेल्या शिपायाच्या आधी तो दारात उभा होता. आत शिरला, बाटली उजेडात धरली...

नेमके त्या चऱ्याला धरून पाच स्फटिक बसले होते. हिरवे, टोकदार, लखलखीत.

“मॅडम! मॅडम! आले!” बाटली छातीशी धरून तो त्यांच्या खोलीपर्यंत पळतच गेला. “पण अख्खी बाटली मोकळी पडलेली असताना सगळे चऱ्यालाच का चिकटले?”

“गुळगुळीत काचेवर त्यांनी टेकायचं कुठे?”

प्रद्युम्न मोठ्याने हसला. सोमवार वाचला होता, प्रबंध वाचला होता. त्याला आता धीर निघेना. त्याने प्रयोगशाळेतून कांडी आणली, नव्या बाटल्यांचं अख्खं खोकं उचलून आणलं.

“थांबा मॅडम, या सगळ्यांना आत्ताच्या आत्ता चरे पाडतो!”

मॅडमनी त्याच्या हातातून कांडी हळूच काढून घेतली.

“बाटल्यांचं मी बघते. तू नौशादकडे जाऊन ये.”