बोरतळ्याची तांबडी शिळा

खडकाईच्या खोऱ्यात शिरलं की बोरतळे गावाआधी त्याचं तळं दिसतं. तळ्याच्या बांधाखाली कुस्तीचा आखाडा आहे आणि आखाड्याच्या काठावर एक शिळा उभी आहे. दगड काळा आहे, पण ते सांगावं लागतं, कारण माणसाच्या उंचीपासून खाली ती सगळी तांबडी झाली आहे. लांबून शेंदूर वाटतो. जवळ गेलं की कळतं, ही माती आहे, थरावर थर बसलेली, आणि त्या थरांत खांद्यांच्या खुणा आहेत, मधोमध पाठीच्या कण्याची पन्हळ आहे. या शिळेला कुणी हार घालत नाही, नारळ फोडत नाही. जत्रेच्या दिवशी शेवटच्या कुस्तीत जो हरतो, तो अंगावरची माती न झटकता इथवर चालत येतो, शिळेला पाठ टेकतो आणि सगळ्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणतो, "पडलो. जागा तुमची."

हे असं का, ते सांगण्याआधी एक गोष्ट बोलून घेतो.

या खोऱ्याचं नाव खेळात मोठं आहे. नावाजलेले मल्ल इथले, लांब पल्ल्याचे धावपटू इथले, कबड्डीचा एक कप्तान इथला, आणि वजन उचलणारी ती शेवंता, जिच्या घरी आता माणसं सेल्फी काढायला जातात, तीही इथलीच. या सगळ्यांची नावं लिहिलेला मोठा फलक हमरस्त्यावर उभारला आहे. मी शिकायला अमेरिकेत ज्या डोंगराळ भागात होतो, तिथेही असं एक दालन होतं. त्या भागातले फुटबॉलवाले, पोहणारे, मुष्टियोद्धे, सगळे भिंतीवर हसत उभे. एका काळ्या धावपटूची तसबीर मात्र दाराआडच्या कोपऱ्यात होती. तो मेल्यावर ती लावली, असं तिथल्या राखणदारानं मला सांगितलं. जिवंतपणी त्याला त्या दारातून आत येऊ देत नव्हते. मला तेव्हा फार राग आला होता, आणि आपल्याकडे असं नाही याचं थोडं समाधानही वाटलं होतं. परत आलो, हमरस्त्यावरचा फलक पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचला, आणि ते समाधान तिथेच संपलं. त्यावर तिमण्णाचं नाव नाही.

तिमण्णाची कथा मल्लाप्पा वस्ताद सांगतात. बांधाखालच्या वडारवस्तीत त्यांची तालीम आहे. पाहुणे आले की मी त्यांना वस्तादांकडे नेतो. वस्ताद शिळेजवळच्या बाकावर बसतात आणि आधी पाहुण्यांच्या खांद्यांकडे बघून घेतात.

"वस्ताद, तुमची पाठ लागली आहे का हो इथे?" गेल्या खेपेला कॉलेजच्या एका पोरीनं विचारलं.

"दोनदा. एकदा माझ्या सख्ख्या मेव्हण्यापाशी पडलो. अजून जेवाय बसला की त्योच विषय काढतोय. भाकरी गोड लागंना झालीया."

पोरं हसली. मग वस्तादांनी बांधाकडे बोट केलं आणि त्यांचा आवाज बदलला.

हे तळं वडारांनी बांधलं, असं सांगतात. तेव्हा बोरतळ्याला पाणी नव्हतं. गावच्या पाटलानं लांबून वडारांचा तांडा बोलावला. तिमण्णा त्यांचा नाईक. त्याची बायको दुर्गव्वा बांधाच्या पोटातली माती तुडवून घेण्याच्या कामावर होती. चुना, हिरड्याचं पाणी आणि टेकडीवरची तांबडी माती एकत्र करून बायका ती पायांनी तुडवत, इतकी की पाणी तिच्यातून जाऊ नये. पाटलानं शब्द दिला होता, "तळं बांधून द्या, काठावर घरं बांधा. पिढ्यान्‌पिढ्या ऱ्हावा."

बांध उभा राहिला. पाणी सोडायच्या मोरीच्या तोंडाशी बसवायची एकच शिळा तेवढी बाकी होती, घडवून बांधाखाली उभी करून ठेवलेली. आणि पाटील म्हणाला, "काम झालं. आता पालं उचला."

दुर्गव्वा म्हणे तिथल्या तिथे बोलली, "आमच्या पायानं तुमचं पानी थांबलं, आन्‌ आमचं पाय तुमास्नी नगं झालं व्हय?"

माझा संताप इथूनच सुरू होतो. ज्या हातांनी बांध रचला, त्या हातांना त्या पाण्यात बुडायची बंदी. हे फार जुन्या काळात घडलं असं सांगतात, आणि ऐकणारे मान हलवतात, जणू काळ जुना झाला की अन्यायाची धार जाते.

पण बोरतळ्याची एक रीत होती. जत्रेत गावच्या मल्लाला जो परका चीत करील, त्याला गावात जागा मागायचा मान होता. गावचा मल्ल होता गणोजी. पाटलाच्या घरचं दूध, पाटलाच्या घरचे बदाम, आणि साऱ्या खोऱ्यात त्याची पाठ कुणी मातीला लावली नव्हती. तिमण्णा आखाड्यात उतरला आणि जोड मिळावी म्हणून हात वर करून फिरू लागला, तेव्हा माणसं हसली.

"आरं वडारा, ह्यो दगूड न्हवं, अंगावर यील!" पाटलाच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं.

"दगूड बी आंगावर येतोय," तिमण्णा म्हणाला. "बगूया कोन जड हाय."

गणोजीनं हात दिला.

त्या वर्षी एक चूक झाली होती. दरसाल आखाड्यासाठी रानातली मऊ माती आणत आणि तिच्यात ताक आणि तेल घालत. त्या वर्षी गावच्या गाड्या बांधाच्या कामाला जुंपलेल्या होत्या. म्हणून पाटलानं बांधापाशी उरलेली माती आखाड्यात ओढायला लावली. माती तांबडी दिसते ना, मग झालं! दुर्गव्वानं ते पाहिलं होतं. ती काही बोलली नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

कुस्ती उन्हं कलेपर्यंत चालली, असं सांगतात. गणोजीकडे डाव होते. तिमण्णाकडे डाव नव्हता, पण जमिनीतून शिळा उचलून गुडघ्यावर आणि गुडघ्यावरून कंबरेवर घ्यायची त्याला जन्माची सवय होती. गणोजी पट काढायला त्याच्या पायांत शिरला आणि तिमण्णानं त्याला तसाच उचलला, शिळा उचलावी तसा, कंबरेवर घेऊन फिरवला आणि टेकवला. दोन्ही खांदे आणि सगळी पाठ. बायकांच्या बाजूनं कुणीतरी किंचाळलं, "पडला की वं!"

तेवढ्यात पाटलाची माणसं आत धावली. गणोजीला गराडा घातला, उठवला, आणि दम लागलाय, वारा घाला, पाणी आणा असं म्हणत घागरी त्याच्या पाठीवर ओतल्या. पाठीला माती हाच कुस्तीतला पुरावा. पुरावा धुतला की झालं. मग पंचांनी विचारलं, "गणोजी, पाठ टेकली का रं?"

गणोजी खाली बघत राहिला. त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. तिन्ही पंच पाटलाच्या पंगतीला बसणारे. एवढ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि एवढी माणसं गप्प राहिली! मल्लाप्पा वस्ताद इथे नेहमी थांबतात आणि समोरच्या पाहुण्यांकडे एकेक करून बघतात. पाहुणे उगाच आपल्या चपला न्याहाळतात.

त्याच संध्याकाळी तांड्याची पालं उठवली. जाताना तिमण्णा मोरीच्या त्या उभ्या शिळेपाशी आला आणि म्हणाला, "ही बसवायची ऱ्हायली. ज्या दिवशी ह्या आखाड्यात खरं बोलाल, त्या दिवशी यीन आन्‌ बसवीन."

आणि मग ते घडलं. गणोजीच्या पाठीची माती निघेना. ती आखाड्याची माती नव्हतीच. बांधाची होती, हिरड्याच्या पाण्यात तुडवलेली. जिच्यावर पाणी पडलं की ती आणखी घट्ट धरते, तिच्यावरच त्यांनी घागरी ओतल्या होत्या. कापडावर हिरड्यानं रंग पक्का बसतो, हे रंगाऱ्यांना ठाऊक असतं. पण तो रंगही कधीतरी फिका पडतो. ही माती फिकी पडली नाही. बायकोनं काथ्यानं घासली, विटकरीनं घासली. कातडी सोलली, खाली पुन्हा तांबडं ते तांबडंच. गणोजी तालमीत गेला तेव्हा त्याच्या वस्तादांनी मालिश करायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"पंचांनी सोडलं तुला, गनोजी," ते म्हणाले. "मातीनं न्हाय सोडलं."

इकडे तळं भरलं आणि गळू लागलं. मोरीचं तोंड उघडं होतं. गावच्या लोकांनी लाकडं ठोकली, दुसरे दगड बसवले, पोती कोंबली. पाणी वाट काढून ओढ्याला जायचं. थंडी सरायच्या आत तळ्याचा तळ दिसू लागला. पाटलानं तांड्याकडे माणूस धाडला. तिमण्णा लांबच्या एका घाटात खडी फोडत होता. निरोप ऐकून म्हणाला, "माज्याकडं काय इचारताय? त्याच्या पाठीला इचारा."

हे गणोजीला कळलं. पाटलालाही कळलं होतं. पाटलानं गणोजीला बोलावून सांगितलं, "तोंड उघडलंस तर खुराक बंद, कसायला दिलेलं रान बंद, आन्‌ गावाचा मल्ल म्हनून मान बी बंद." गणोजीला काय गमवायचं होतं, ते त्याला नीट ठाऊक होतं. मानाशिवाय त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतंच.

पुढच्या जत्रेला आखाडा भरला. हलगी वाजली आणि गणोजी उघड्या अंगानं आत आला. तो लढायला उभा राहिला नाही. आखाड्याच्या कडेकडेनं, एकेका माणसासमोरून, पाठ दाखवत तो सावकाश फिरला. पाटलासमोर थांबला. पंचांसमोर थांबला. मग बांधाखाली उभ्या असलेल्या त्या शिळेपाशी गेला, तिला पाठ टेकली आणि म्हणाला, "पडलो. तिमण्णापाशी पडलो. जागा त्यांची."

तो पुढे झाला तेव्हा त्याची पाठ स्वच्छ होती, असं सांगतात. माती शिळेवर उतरली होती, खांदे आणि कणा सगळं जसंच्या तसं.

पाटील उठून गेला. पण त्या दिवशी माणसं गप्प राहिली नाहीत. गावच्या गाड्या जुंपून लोक स्वतः घाटात गेले आणि तांडा घेऊन आले. तिमण्णा शिळेजवळ आला, त्या पाठीच्या खुणेवरून त्यानं हात फिरवला आणि म्हणाला, "ही आता पान्यात घालायची न्हाय." मोरीसाठी त्यानं दुसरी शिळा घडवली. दुर्गव्वानं माती तुडवली. तळं गळायचं थांबलं. बांधाखाली वडारांची घरं झाली. आणि ज्याचा खुराक तुटला होता, रान गेलं होतं, तो गणोजी त्याच वस्तीत येऊन राहिला आणि पोरांना डाव शिकवू लागला. खोऱ्यात पुढे जे मल्ल झाले, ते त्या तालमीतून झाले. फलकावरची निम्मी नावं तिथली आहेत. तालीम सुरू करणाऱ्याचं नाव फलकावर नाही, ज्याच्यामुळे ती सुरू झाली त्याचंही नाही. वर मोठ्या अक्षरांत आहे ते फलकाला देणगी देणाऱ्याचं.

आता ऐका, कशासाठी सांगतोय ते. तळ्याचं सुशोभीकरण होणार आहे. काठानं फरशी, बोटी, कारंजं. आणि बांधाखालची वडारवस्ती अतिक्रमण ठरली आहे. हे सांगायला सरकारी साहेब आले तेव्हा मी तिथे होतो. त्यांनी मल्लाप्पा वस्तादांना विचारलं, "आजोबा, ही जागा तुमची असल्याचा काही पुरावा आहे का?"

"हाय की," वस्ताद म्हणाले. "जत्रंला या."

साहेब हसले. पण जत्रेला आले, मानाचे पाहुणे म्हणून, हार घालून घ्यायला. शेवटची कुस्ती पाटलांच्या घरातला संग्राम आणि वस्तीतला यल्लाप्पा यांच्यात लागली. ज्या पाटलांच्या घराण्यानं पालं उठवली होती, तेच हे घराणं. यल्लाप्पानं संग्रामला चीत केला. संग्रामचे चुलते टॉवेल घेऊन आत धावले.

वस्ताद बाकावरून उठलेसुद्धा नाहीत. "आप्पासाब," ते तिथूनच म्हणाले, "टावेल खाली ठिवा. एकदा धुऊन बगितलंय तुमच्या घरानं."

आखाडा खदखदून हसला. संग्रामलाही हसू आलं. त्यानं चुलत्यांचा हात बाजूला केला, शिळेपर्यंत चालत गेला, पाठ टेकली. साहेब पुढच्याच रांगेत बसले होते. संग्रामनं वस्तीकडे तोंड करून, हलगीच्या वर जाईल अशा आवाजात म्हटलं, "पडलो. जागा तुमची."

साहेबांनी मान वळवून शेजारच्याला विचारलं, हा काय म्हणाला? त्यांना सांगण्यात आलं. पुढच्या कुठल्याही भाषणाला ते थांबले नाहीत. वस्ती अजून उठलेली नाही. अतिक्रमणाचा ठपकाही अजून पुसलेला नाही. तो कधी पुसणार, ते आम्ही विचारत राहू.

आजही पाहुणे शिळेसमोर उभे राहतात, थरांतल्या खुणांवर बोट ठेवून ही कुणाची, ती कुणाची असं विचारतात, आणि शेवटी एकजण तरी विचारतोच, "यात तिमण्णाची पाठ कुठली?"

"त्याची न्हाय," मल्लाप्पा वस्ताद म्हणतात. "त्यो पडलाच न्हवता."