मांडे आणि मांडी

“पण बाबा, हे उतरणार कधी?”

भिवसनने पोटाची वळी चिमटीत धरून दाखवली.

नर्मदागिरी बाबा तापीकडे बघत बसले होते. पौषातलं धुकं पाण्यावरून अजून उठलं नव्हतं. पलीकडे काठ आहे की नाही, तेही कळत नव्हतं.

“चढलं किती दिवसांत?”

“महिन्यात.”

“त्याला घाई नव्हती म्हणायची,” बाबा म्हणाले, आणि पुन्हा धुक्याकडे बघू लागले.

बाबांच्या आश्रमाला मार्गशीर्षात महिनाभर सुट्टी असे. सगळे शिष्य घरी जात. भिवसन नऊ वर्षं गेला नव्हता. अंग वेताच्या छडीसारखं. पद्मासन असं, की तासभर पापणी लवायची नाही. नवे शिष्य त्याच्याकडे बोट दाखवून आपसांत बोलत, आणि ते त्याला ठाऊक होतं.

यंदा बाबांनीच त्याला घालवलं. “आई आहे ना तुझी? जा.”

आईने नऊ वर्षांचं एका महिन्यात वाढलं. खापरावरचे मांडे, त्यांवर वाटी वाटी तूप. दराब्याचे लाडू. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी. दुपारी अंगणात ऊन खात झोप. भिवसन परतला तेव्हा कटदोरा कमरेत रुतत होता. पद्मासनाला बसला, तर डावा पाय मांडीवर ठरेना. वर ठेवला की घसरून खाली.

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

त्या दिवसापासून त्याने अन्न सोडलं.

चौथ्या सकाळी घाट चढताना पायऱ्याच पाण्यासारख्या हलू लागल्या. हातची घागर सुटली. टणटणत ती पार नदीपर्यंत गेली, आणि भिवसन होता तिथेच मटकन बसला. सगळं पांढरं… सगळं लांब.

त्या पांढऱ्यातून बाबा आले. हातात भाकरीचा चतकोर, वर तिखट-मीठ.

“खा.”

“आधी हे उतरू दे, बाबा.”

“डोळे मिटून बसतोस तेव्हा काय दिसतं रे सध्या?”

खाली नदीत घागर बुडबुडत होती.

“मांडे,” तो शेवटी म्हणाला.

बाबा हसले नाहीत. शेजारी पायरीवर टेकले.

“पंगतीला बसत जा. सगळ्यांना वाढतील तेवढं खा. पाणी भर, परसातली माती उकर, वेळेवर नीज. आणि सारखा पोटाला हात लावू नकोस.”

“एवढंच?”

“जाण्याआधी काय करत होतास?”

“…हेच.”

“मग?”

भिवसनने चतकोर तोंडात घातला. कितीतरी वेळ चावत राहिला.

पुढचे दिवस त्याने मोजले नाहीत. धुकं यायचं, विरायचं. घागरी भरायच्या, चढायच्या, रिकाम्या व्हायच्या. कधी वाटे आपण चालतच नाही, घाटच आपल्याखालून हळूहळू सरकतो आहे. अशाच एका सकाळी घागर खांद्यावर घेताना कटदोरा कमरेवरून सैल घसरला.

तो तसाच जाऊन शिळेवर बसला. डावा पाय आपण होऊन मांडीवर आला आणि राहिला.

भिवसन धावतच बाबांच्या खोलीत गेला. बाबा वाती वळत होते.

“बाबा, उतरलं!”

“बरं झालं.”

वात वळून झाली. दुसरी घेतली. भिवसन तिथेच उभा.

“आता काय?” बाबांनी विचारलं.

“बसता येतं, बाबा. पण… मन बसत नाही.”

“अजून मांडेच दिसतात?”

“नाही. आईचे हात दिसतात.”

बाबांची बोटं थांबली.

“निघायच्या दिवशी तिने पुन्हा मांडे केले होते,” भिवसन खाली बघत म्हणाला. “मी पाटावरून उठलो. म्हणालो, ‘तुझ्यापायी माझी साधना बुडाली.’ ती मागे मागे दारापर्यंत आली. ‘खाई ले रे बापा, एकच खाई ले’ म्हणत होती. मी थांबलो नाही. वळणावरून दिसली तेव्हा… ताट हातात तसंच होतं.”

बाहेर कुठेतरी पारवे घुमत होते.

“मांडे लागायचे कसे?” बाबांनी विचारलं.

“अं?”

“महिनाभर खाल्लेस ना? चव कशी होती?”

भिवसन आठवू लागला. ताट आठवलं. तुपाची वाटी आठवली. आज एक जास्त झाला, उद्या एक कमी खायचा, हा हिशेब आठवला. पंख्याने माश्या वारणारी आई आठवली. चव कुठेच सापडेना.

“नाही आठवत, बाबा.”



बाबा उठले. कोपऱ्यातल्या खुंटीवरून त्याची झोळी काढली, झटकली, आणि त्याच्या खांद्यावर अडकवली.

भिवसन दचकला. “बाबा… पुन्हा चढेल.”

“चढेल.”

बाबांनी त्याला दाराबाहेर आणलं. वाट दहा पावलांपुढे धुक्यात शिरत होती.

“जा,” ते म्हणाले. “या वेळी जेवून ये.”