कातरीला खुपलेली आत्या

फोटो चिकटवायचे अल्बम मागे पडले आणि संगणकावर अल्बमची पानं सजू लागली, तेव्हाची गोष्ट. पडद्यावर फोटो छाटून ही पानं सजवणाऱ्या कातरीला घडीभर चैन नसे. लग्नाच्या एका फोटोत नवरीशेजारी विटक्या लुगड्यातली आत्या तिला खुपली. तिनं आत्या छाटली, तर आत्याचा हात नवरीच्या खांद्यावर तसाच उरला.

"हा हात कुणाचा, असं विचारतील ना लोक!" म्हणत कातरीनं खांदा छाटला. तरी नवरीची आसवं पुसणारी आत्याची बोटं गालावर होतीच. गालही गेला.

"अगं, पुरे कर आता," फोटोची चौकट कळवळली, "नवरीच संपायची!"

कातर कसली ऐकते! छाटता छाटता नवरीचे दोन डोळे तेवढे उरले.

ते आत्याकडेच बघत होते.