सगुणेचा मुराळी

एका गावात एक भोळा भाऊ होता आणि एक नियम होता. भावाचं नाव गेणू. नियम असा, की सासरी भाऊ मुराळी होऊन न्यायला आल्याशिवाय लेकीनं माहेरी पाऊल टाकायचं नाही. का, ते विचारायचं नाही. गेणूनं कधी विचारलं नव्हतं. त्याची धाकटी बहीण सगुणा हिनं लहानपणी एकदा विचारलं, तर तिला त्या रात्री सगळ्यांच्या शेवटी जेवायला वाढलं.

सगुणा डोंगरापलीकडच्या राज्यात दिली होती. तिला आठवा महिना लागला आणि नेमकी तिकडे दोन भावांत गादीवरून जुंपली. एकाचा झेंडा पिवळा, दुसऱ्याचा हिरवा. सकाळी वेशीवर एक असे, संध्याकाळी दुसरा. सगुणेचा निरोप आला, "नवऱ्याला एका राजानं धरून नेलं, बैल दुसऱ्यानं. मी घरात एकटी आहे. लवकर न्यायला या."

ओट्यावर वडील, थोरले काका आणि आत्याबाई बसले होते. तिघांपैकी डोंगरापलीकडे कुणीच गेलेलं नव्हतं, त्यामुळे तिथं कसं वागावं हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

वडील म्हणाले, "गेण्या, सोपं आहे. पिवळं दिसलं की पिवळ्याचा जय म्हण. हिरवं दिसलं की हिरव्याचा."

"बरं," म्हणाला गेणू आणि निघाला.

वेशीपाशी एका परटिणीनं पिवळं लुगडं वाळत घातलं होतं. गेणू लुगड्यापुढे उभा राहिला आणि ओरडला, "पिवळ्याचा विजय असो!" त्या दिवशी वेस हिरव्याची होती. शिपायांनी गेणूला यथेच्छ बडवला. तो हिरवानिळा होऊन घरी आला.

काका म्हणाले, "मूर्खा, परमुलखात तोंड उघडतात का? काहीही दिसो, कुणी काहीही विचारो, मुकाट चालायचं."

"बरं," म्हणाला गेणू.

दुसऱ्या खेपेला नदीवरचा पूल मधोमध तुटलेला होता. गेणू काठावर उभा. मागून पिवळ्यांचा सेनापती घोड्यावरून आला. "काय रे, पूल धड आहे ना?" गेणू मुकाट. "अरे, बोल की!" गेणूनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. सेनापती गेला. म्हणजे थेट गाळात गेला. वर आल्यावर त्यानं गेणूशी जे केलं ते आत्याबाईंनी हळद लावताना मोजलं.

आत्याबाई म्हणाल्या, "मेल्या, स्वतःचं डोकं चालवू नकोस. चार लोक करतील ते करावं. चार लोक जातील तिकडे जावं."

"बरं," म्हणाला गेणू.

तिसऱ्या खेपेला तो नदीच्या उथळ उतारावरून पलीकडे गेला आणि पार सगुणेच्या गल्लीत पोचला. तेवढ्यात कुणीतरी आरोळी ठोकली, "हिरवे आले!" सगळी गल्ली पळत सुटली. गेणूही सुटला. सगुणा दारातच उभी होती.

"दादा! अरे दादा, थांब!"

"थांबता येत नाही गं! चार लोक पळतायत!"

तो धापा टाकत घरी पोचला.

"सगुणा कुठंय?"

"दारात आहे. बरी दिसली."

वडिलांनी कपाळावर हात मारला. पोरीला आता नववा लागला होता. तिघांनी मिळून एकच शहाणपण ठरवलं. "नीट ऐक. लुगडं नेसलेली, पोट पुढं आलेली दिसली की हात धर. तोंड बघत बसू नकोस. कुणी हटकलं तर 'माझी बहीण आहे, बाळंतपणाला नेतोय' म्हण. काही झालं तरी हात सोडायचा नाही!"

"बरं," म्हणाला गेणू. आणि या खेपेला खरंच दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत तो हात धरून घेऊन आला.

आत्याबाई भाकरतुकडा घेऊन दारात धावल्या. बाईनं पदर नाकापर्यंत ओढलेला. पोट चांगलंच मोठं. "दमलीस गं बाय माझी," म्हणत आत्याबाईंनी तुकडा ओवाळला आणि लाडानं पदर मागं सारला. खाली मिशा होत्या.

तो पिवळा राजा होता. पोटाला खजिना बांधून, लुगडं नेसून पळत होता. वेशीवर धरला गेलाच असता, पण एका भल्या माणसानं हात धरून सांगितलं, "माझी बहीण आहे." हात सोडवायचा त्यानं वाटभर प्रयत्न केला होता.

"आता हात सोडू का?" गेणूनं विचारलं.

कुणी उत्तर द्यायच्या आत अंगणात एक गाढव येऊन थांबलं. गाढवावर सगुणा.

"तू? कशी आलीस?" काका ओरडले.

"विचारत आले. गुराख्यानं पूल तुटल्याचं सांगितलं. मीठवाल्या बायकांनी उतार दाखवला आणि गाढव दिलं. वेशीवर कोण आहे, तेही त्यांनाच विचारलं. तिथं सकाळपासून तिसराच राजा बसलाय. दुपारनंतरचं ठाऊक नाही."

वडिलांनी घसा खाकरला. "ते सगळं ठीक. पण मुराळ्याशिवाय आलीस. चार लोकांत काय तोंड दाखवू? वेशीपर्यंत मागं जा. गेण्याला रीतसर पाठवतो."

गेणूनं लगेच राजाचा हात सोडला आणि काठी उचलली. "सगुणेला आणायचं ना? येतो घेऊन." आणि तो सगुणेसमोरून डोंगराच्या वाटेला लागला.

"दादा, मागं फिर!" सगुणा म्हणाली. "मी जाणार नाही." ती गाढवावरून उतरली आणि पोट सावरत ओट्यावर, तिघांच्या मधोमध बसली. "माझ्या दाराशी येऊन तो पळाला, तो तुमच्या सांगण्यावरून. आता मला सांगा, मी मागं का जायचं?"

वडिलांनी काकांकडे पाहिलं. काकांनी आत्याबाईंकडे. आत्याबाईंनी राजाकडे. राजानं पदर पुढं ओढला.

गेणू वाटेवर थबकला होता. तो तिथूनच ओरडला, "जाऊ का येऊ?"