सदूची उंची

सदूला अजून मिसरूड फुटलं नव्हतं, आणि वेताळगडच्या सरकारांना त्याला संघाबाहेर बसवायला तेवढं कारण पुरे होतं. सरकार तरुणपणी आखाडा गाजवलेले. फुटबॉलचं वेड त्यांना पन्नाशीत लागलं, पण नजर पैलवानाचीच राहिली. सामन्याआधी पोरांना ओळीत उभं करायचं, दंड चाचपायचे, मांडीवर थाप मारायची, खांद्याला खांदा लावून बघायचं. जो भरला तो मैदानात, बाकीचे बाकावर.

राणोजी आणि सदू एकाच वयाचे. पण राणोजी वर्षभरात ताडमाड वाढला, आवाज घोगरा झाला, आणि सरकार त्याला कौतुकानं पठ्ठ्या म्हणू लागले. सदूनं मात्र अख्खं वर्ष बाकावर काढलं. शेजारच्या संस्थानाशी सामना ठरला, तेव्हा त्यानं जेवणच टाकलं.

त्याची थोरली बहीण चंद्री मैदानाची माळीण. तिला भावाचं तोंड बघवेना. ती तडक सरकारांपुढे जाऊन उभी राहिली.

"सरकार, माझ्या भावाला कवा खेळवणार?"

"राणोजीपेक्षा उंच झाला की." सरकार मिशीत हसले. "रविवारपर्यंत करून दाखव. नाही जमलं, तर पोरानं पुन्हा मैदानात पाय ठेवायचा नाही. आहे कबूल?"

दरबारी खो खो हसले. चंद्रीची जीभ मात्र जागेवर होती.

"कबूल. पण माप कवा घ्यायचं, ते मी सांगणार."

"सांग बापडे. सकाळी घे नाहीतर संध्याकाळी, पोर काय वीतभर वाढणार आहे?"

"मग सरावाचा सामना लावा. दोघास्नी समोरासमोर खेळवा, आन् शेवटपत्तुर कुणालाच बाहेर काढायचं न्हाई. शेवटची शिट्टी झाली की माप."

रविवारी सारं गाव लोटलं. राणोजीनं धक्का द्यावा आणि सदूनं चेंडूसकट रेषेबाहेर जाऊन पडावं, असं मध्यंतरापर्यंत चाललं. सरकार खुशीत मान डोलवत होते. चंद्रीचा जीव टांगणीला लागला होता. पण तिला एक गोष्ट ठाऊक होती. राणोजीला पळायची सवयच नव्हती. धक्क्यावर भागत असताना पळतो कोण? सदू मात्र बाकावरचा राग काढायला रोज टेकडी पळून यायचा.

मध्यंतरानंतर सदूनं चेंडू या टोकाचा त्या टोकाला न्यायला सुरुवात केली. राणोजी मागं. पुन्हा परत, राणोजी पुन्हा मागं. आता धक्का द्यायला सदू हाताशी तर लागायला हवा ना! शेवटची शिट्टी वाजली, आणि राणोजी होता तिथंच गवतावर उताणा पडला.

चंद्रीनं सदूला हाताला धरून त्याच्या शेजारी उभं केलं. "घ्या माप, सरकार."

"ऊठ रे पठ्ठ्या!" सरकार ओरडले.

"उठवत न्हाई, सरकार," राणोजी आभाळाकडे बघत म्हणाला. "त्यालाच खेळवा."

"हे माप मी धरणार नाही," सरकार गुरगुरले. "पोर आडवं पडलंय. उभं राहू दे, मग मोजू."

"सरकार, तुम्ही इतक्या कुस्त्या मारल्या," चंद्री म्हणाली. "पाठ मातीला लागलेल्या पैलवानाला कवा म्हणालात का, ऊठ, तुझी उंची मोजू?"

 सरकार पोट धरून असे हसले की फेटा सुटला. तोच फेटा त्यांनी चंद्रीच्या डोक्याला गुंडाळला आणि दरबाऱ्यांकडे वळून म्हणाले, "सामन्यात सदू पहिल्यापासून खेळेल. आणि इथून पुढं संघ हीच निवडेल. आम्ही आपले आखाड्यातच बरे!"