घाटासाठी घेतलेला ट्रक

फौजेत असताना बर्फाच्या डोंगरातून उतरताना ब्रेकवरचा पाय उचलला की ट्रक 'फुस्स' करून श्वास सोडायचा; ब्रेक शाबूत असल्याची ती खूण. त्याला चाळीस वर्षं झाली, तरी म्हाताऱ्या रघाबाच्या कानात तो आवाज अजून होता. म्हणून लष्कराच्या जुन्या गाड्यांच्या लिलावात तो एकेका ट्रकमध्ये चढून ब्रेक दाबायचा, सोडायचा आणि डोळे मिटून ऐकत बसायचा.

त्याचे मालक तात्यासाहेब रणपिसे यांना वडिलांची जुनी मोटार ट्रेलरवर चढवून घाटाखालच्या प्रदर्शनाला न्यायची होती; ती ओढायला ट्रक हवा होता. त्यांचा जीव जडला होता एका सहा चाकी धिप्पाड ट्रकवर. रघाबाने दाखवला बुटका, रंग उडालेला.

"मालक, ह्याचा ब्रेक बोलतो. तो मोठा ट्रक मुका आहे."

तात्यासाहेबांनी धिप्पाड ट्रकवर हात ठेवला. "अरे, ओढायला ताकद लागते! ब्रेकचं बघू मागाहून. उद्या मोठ्या ट्रकनेच घाट उतरायचा. भ्याला असशील, तर चावी ठेव आणि घरी बस."

जमलेले लोक हसले. रघाबा धुक्यात बुडालेल्या घाटाकडे झोपेत असल्यासारखा पाहत राहिला. मग सावकाश म्हणाला, "उतरतो की, मालक. तुम्ही फक्त ट्रेलरवरच्या मोटारीत बसा. चढाला ट्रक ओढतो, उताराला घाट ओढतो. दोघांत ताकद कुणाची जास्त, ते तिथून तुम्हांला बरोबर कळेल."

तात्यासाहेबांनी एकदा घाटाच्या धुक्यात शिरणाऱ्या वळणांकडे पाहिलं. धिप्पाड ट्रकवरचा हात त्यांनी काढून घेतला आणि ते बुटक्या ट्रककडे चालू लागले.